जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन बांधलं तरी पाणी कमी होतंय? हेड उघडण्याआधी गळती अशी शोधा

इंजिनचं पूर्ण काम झालंय, लायनर (ज्या नळीत पिस्टन चालतो ती) आणि पिस्टन नवे आहेत, गॅस्केटचा सेट नवा आहे, तरी पहिल्या आठ-दहा तासांतच रेडिएटरमध्ये रोज तांब्याभर पाणी घालावं लागतं. मॅसी ३५, जुनी १०३५, बी-२७५, एचएमटी झेटर २५११ अशा गाड्या बांधून आल्यावर ही तक्रार हमखास येते. मग हेड (सिलिंडरांवरचं जड झाकण) परत उतरतं, त्याच्याखाली नवं गॅस्केट बसतं, महिनाभर बरं चालतं आणि उसाची भरलेली ट्रॉली कारखान्याच्या रस्त्याला लागली की पुन्हा पहिले पाढे. गॅस्केट दुसऱ्यांदा गेलं, तर दोष गॅस्केटचा नाही असं धरूनच कामाला लागावं. जुना एअर-कूल्ड आयशर असलेल्यांनी इथंच थांबलं तरी चालेल, त्यांच्या नशिबी दुसरी दुखणी आहेत.

आधी ठरवा, खरंच गळतंय का

जुन्या ट्रॅक्टरला पाणी परत ओढून घेणारी बाटली नसते. झाकणाजवळून एक नळी खाली सोडलेली असते, बस्स. आता हिशेब बघा. १० लिटर पाणी ३० अंशांवरून ९० अंशांवर गेलं की सुमारे ३०० मिलीने फुगतं. तुम्ही सकाळी काठोकाठ भरलंत तर ते ३०० मिली दुपारपर्यंत नळीतून जमिनीवर जाणारच. संध्याकाळी इंजिन थंड झालं की पातळी खाली दिसते, आपण पुन्हा काठोकाठ भरतो आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच पुन्हा बाहेर पडतं. ही गळती नव्हे. पाणी जाळीच्या वर, पण तोंडापासून तीन-चार सेंटीमीटर खाली ठेवा आणि तीन दिवस हात लावू नका. पातळी एका जागी स्थिर राहिली तर विषय संपला.

नव्याने बांधलेल्या इंजिनात हवाही अडकलेली असते. पहिल्या दोन-तीन वेळा गरम-थंड होताना ती निघते आणि पातळी उतरते. तेही धरू नका. त्यानंतरचं मात्र मोजून लिहा: मापट्याने किती मिली घातलं आणि इंजिन किती तास चाललं. १० तासांत १०० मिली जाणं आणि १० तासांत २ लिटर जाणं, ही दोन वेगळी दुखणी आहेत.

दुसरा संशयित म्हणजे रेडिएटरचं झाकण. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे उघड्या भांड्यात साधं पाणी इथे ९८-९९ अंशांवरच उकळतं. ७ पीएसआयचं, म्हणजे अर्ध्या बारचं झाकण नीट दाब धरत असेल तर तेच पाणी ११० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं की हे १०-१२ अंश हातचे जातात. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश, काळ्या रानात खोल नांगरट, गाडीचा वेग कमी. अशा वेळी पाणी नळीतून वाफ होऊन जातं आणि दोष हेडवर येतो. उलट चूकही होते. कारचं ०.९ बारचं झाकण सहज मिळतं म्हणून बसवलं जातं. ०.९ बार म्हणजे १३ पीएसआय. जुन्या पितळी रेडिएटरचे डाख त्या दाबाला बनवलेलेच नसतात, टाकीच्या शिवणीतून पाणी पाझरायला लागतं. झाकणावर आकडा छापलेला असतो, तो वाचा आणि मूळचाच ठेवा. गरम इंजिनावर झाकण उघडू नका हे वेगळं सांगायला नको, पण हात भाजतात ते याच कामात.

दाब देऊन बघणं

इंजिन थंड असताना रेडिएटरच्या तोंडावर हातपंपाचा टेस्टर लावा आणि झाकणावर लिहिलेला असेल तेवढाच दाब द्या. काटा १५-२० मिनिटं जागेवर राहायला हवा. टेस्टर नसेल तर जुन्या झाकणाला भोक पाडून त्यात ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह घट्ट बसवा, झाकणाचा स्वतःचा वॉल्व्ह बंद करून टाका आणि दाबाचं घड्याळ असलेल्या सायकल-पंपाने हवा भरा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी थेट लावू नका. एका दाबात रेडिएटरची टाकी फुगते आणि नसलेली गळती तयार होते.

काटा उतरतोय पण बाहेर कुठे ओल दिसत नाही, असं झालं तर इंजिन धुऊन, हवा मारून कोरडं करा आणि संशयाच्या जागी खडूची पूड लावा. थेंबभर पाझरही पुडीवर गडद डाग होऊन दिसतो. सगळी चाचणी एकदा थंड आणि एकदा गरम इंजिनावर करा. होजच्या क्लिपा थंडपणी गळतात, कारण रबर आणि पाइप दोन्ही आकसलेले असतात. गरम झाल्यावर त्याच जागा आपोआप बंद होतात. हेडची चीर याच्या उलट वागते.

बाहेरच्या जागा बघताना क्रम असा ठेवा: होज आणि क्लिपा, रेडिएटरच्या वरच्या-खालच्या टाक्यांची शिवण, पाणी काढायचा नळ, थर्मोस्टॅटचं (पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेचं) हाउसिंग, वॉटर पंप, ब्लॉकचे (इंजिनच्या मुख्य ओतीव भागाचे) कोअर प्लग, म्हणजे त्याची भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या वाट्या. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं. नवा सील बसवल्यावर पहिल्या एक-दोन तासांत तिथून चार थेंब आले तर हरकत नाही, सील जागा धरत असतो. त्यानंतरही थेंब पडत असतील तर सील गेला. त्या भोकात एम-सील भरणारे महाभाग आहेत. भोक बुजवलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि आठवड्यात पंख्यासकट पंप डुलायला लागतो. नवा सील लवकर जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ताणलेला फॅन बेल्ट. अंगठ्याने मध्यावर दाबला की तो साधारण १० ते १२ मिमी दबला पाहिजे.

कोअर प्लगमध्ये सगळ्यात फसवा तो मागचा. ज्या ब्लॉकला फ्लायव्हीलच्या बाजूला प्लग असतो तिथे तो गळला की पाणी क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातून ठिबकतं. सोबत थोडं ऑइल असलं की मागचा ऑइल सील बदलायचा सल्ला मिळतो, गाडी मधून फोडली जाते, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे केले जातात, आणि प्लग तसाच राहतो. थेंब बोटावर घ्या, चोळा, वास घ्या, पाणी की ऑइल ते कळतं. इंजिन बांधताना ब्लॉक मोकळाच असतो, प्लगचा सेट स्वस्त मिळतो, त्यामुळे जुने प्लग ठेवण्यात काहीच शहाणपण नाही. बसवण्याआधी खाचेतला गंज पूर्ण काढा. गंजावर बसलेला प्लग पहिल्या उन्हाळ्यातच पाझरतो.

बाहेर काहीच नाही, तर पाणी आत जातंय

आत जाणारं पाणी एकतर ऑइलमध्ये जातं, नाहीतर सिलिंडरमध्ये. दोन्हीकडेही जाऊ शकतं. पण आधी ऑइलची खात्री करा, कारण तिथे चूक महाग पडते. कूलंट मिसळलेलं ऑइल बेअरिंगचा पार चुरा करतं.

रॉकर कव्हरच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणून घाबरू नका. हिवाळ्यात इंजिन थोडाच वेळ चालत असेल तर वाफ थिजून ती साय जमते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ आणि पातळी वर चढलेली, असं दोन्ही असेल तर मामला खरा. खात्री अशी करा: दाब दिलेल्या स्थितीत गाडी सपाट जागी रात्रभर उभी ठेवा. सकाळी स्टार्ट न करता चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा) ड्रेन प्लग पूर्ण न काढता हळूहळू सैल करा आणि पहिला अर्धा कप पारदर्शक बाटलीत धरा. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे ते चेंबरच्या तळाशी साठलेलं असतं आणि सगळ्यात आधी तेच बाहेर येतं. आधी पाण्याची धार आणि मग काळं ऑइल आलं, तर आणखी पुरावा नको. शंका राहिलीच तर ऑइलचे दोन थेंब तापलेल्या पत्र्यावर टाका. निव्वळ ऑइल नुसतं धुरतं, पाणी असेल तर चरचरत तडतडतं.

आता ऑइलमध्ये पाणी कुठून आलं हे इंजिनच्या जातीवर ठरतं, आणि इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मॅसी ३५ आणि जुन्या १०३५ मधलं पर्किन्स घराण्यातलं ३.१५२ इंजिन (तीन सिलिंडर, १५२ घन इंच, म्हणजे अडीच लिटर) ड्राय लायनरचं आहे. त्या लायनरच्या बाहेरच्या अंगाला पाणी लागतच नाही, ते ब्लॉकच्या भिंतीत दाबून बसवलेले असतात. अशा इंजिनात ‘लायनरचे रबर गेले’ असं कुणी सांगितलं तर दुसरा मिस्त्री बघा. तिथे संशय हेड गॅस्केट, हेडची चीर, ब्लॉकची चीर किंवा आतल्या बाजूच्या प्लगवर. झेटर २५११ वेट लायनरचं आहे. तिथे लायनर थेट पाण्यात उभा असतो आणि खाली रबराच्या रिंगांनी पाणी अडवलेलं असतं. तिथे पहिला संशय त्या रिंगांवर.

वेट लायनरच्या रिंगा नवीन असूनही का गळतात? बहुतेक वेळा लायनर आत सरकवताना ब्लॉकच्या धारेवर रिंग कापली जाते. ती धार पॉलिश पेपरने मारून गोल करा. रिंग खाचेत पीळ न पडता बसली पाहिजे: बसवल्यावर तिच्याखालून एक गुळगुळीत काडी गोल फिरवा, पीळ असेल तर सुटतो. लावायला साबणाचं पाणी किंवा रबराचं वंगण वापरा. सगळ्याच रिंगांना ग्रीस किंवा ऑइल चालत नाही, ईपीडीएम रबर खनिज तेलात फुगून मऊ पडतं. लायनर सरळ दाबाने जायला हवा. हातोड्याने ठोकून घालावा लागत असेल तर काहीतरी अडतंय. ब्लॉकच्या खालच्या गाळ्यात, जिथे रिंग टेकते, तिथे वर्षानुवर्षं साचलेला गंज आणि क्षार असतो. तो खरवडल्यावर खाली खड्डे निघाले तर नवी रिंग त्या खड्ड्यांवर टिकणार नाही, ब्लॉक मशीनवर न्यावाच लागेल.

जुनेच वेट लायनर परत वापरलेत तर त्यांची बाहेरची बाजू उन्हात धरून बघा. पिस्टनचा रेटा ज्या बाजूला पडतो त्या बाजूला टाचणीने टोचल्यासारखी भोकांची रांग दिसते. लायनर थरथरतो, त्याच्या अंगावर पाण्याचे बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातू कुरतडला जातो. नुसतं पाणी वापरणाऱ्या इंजिनात हे जास्त होतं. असा लायनर कितीही गुळगुळीत दिसला तरी बाद.

वेट लायनरच्या इंजिनात एक काम कधीच टाळू नका. लायनर बसले, पण पिस्टन आणि चेंबर अजून बसवायचे आहेत, अशा वेळी लायनरच्या डोक्यांवर पट्ट्या टाकून ते दाबून धरा, खालची तोंडं बंद करून जॅकेटमध्ये (ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीत) पाणी भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी खालून टॉर्च मारा. ओल दिसली तर एक लायनर काढायचा आहे, एवढंच काम. हीच ओल इंजिन बांधल्यानंतर कळली तर सगळंच परत उतरवायचं.

बुडबुड्यांची चाचणी

पाणी सिलिंडरमध्ये जात असेल तर सकाळी पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते. न जळालेल्या डिझेलचा पांढरा धूर डोळ्यांना झोंबतो आणि हवेत रेंगाळतो. वाफ झोंबत नाही, लगेच विरते. गळती मोठी असेल तर रात्रीतून सिलिंडरमध्ये पाणी साठतं. अशा इंजिनाला सकाळी सरळ सेल्फ मारू नका. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर काढून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, पाणी असेल तर भोकातून बाहेर उडेल.

गॅस्केटचा निकाल लावायला हेड उघडायची गरज नाही. थंड इंजिनावर फॅन बेल्ट काढा म्हणजे पंप फिरणार नाही. थर्मोस्टॅट काढून पाणी वरपर्यंत भरा. आता इंजिन सुरू करून मिनिट-दीड मिनिटच चालवा, पाणी उकळण्याच्या कितीतरी आधी बंद करा. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे दोन-चार बुडबुडे येतील आणि थांबतील. थांबले नाहीत, आणि रेस दिल्यावर वाढले, तर ज्वलनाचा गॅस पाण्यात शिरतोय. कोणत्या सिलिंडरचा, तेही कळतं. एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट अर्धा-पाऊण फेरा सैल करा म्हणजे तो सिलिंडर बंद पडेल. ज्या नटाला बुडबुडे कमी होतील तो सिलिंडर. पूर्ण थांबणार नाहीत, कारण कॉम्प्रेशन चालूच असतं. नटावर जाड फडकं टाका, चेहरा लांब ठेवा. पाइपमधल्या डिझेलची धार कातडीत शिरते.

गॅस्केट पुन्हा पुन्हा का जातं

हेड उतरवल्यावर जुनं गॅस्केट फेकू नका, ते वाचा. सिलिंडर आणि पाण्याच्या भोकामध्ये काळी वाट दिसली की गॅस तिथून गेला. भोवतालची धातूची रिंग एका बाजूला चमकदार दबलेली आणि दुसऱ्या बाजूला जशीच्या तशी असेल तर तिथे दाबच पोचलेला नाही. मग कारण शोधायचं ते वर-खालच्या पृष्ठभागात.

हेड प्लेन करायला सगळेच नेतात. ब्लॉकचा माथा मात्र कुणी तपासत नाही, कारण तो उचलून न्यावा लागतो. सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या दिशांनी ठेवून फीलर (ठरावीक जाडीची पातळ पाती) घालून बघा. तीन सिलिंडरच्या हेडला लांबीत साधारण ०.१ मिमीची पाती कुठेही जाऊ नये. ब्लॉकलाही तोच निकष. हेड वारंवार प्लेन केलेलं असेल तर व्हॉल्व्हची खोली मोजा, नाहीतर व्हॉल्व्ह पिस्टनला भेटेल.

वेट लायनर ब्लॉकच्या वर किंचित उचललेले असावे लागतात, बहुतेक इंजिनांत ०.०५ ते ०.१५ मिमी. नेमका आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलचा धरा. डायल गेजने प्रत्येक लायनर चार ठिकाणी मोजा. एक लायनर ०.१२ आणि शेजारचा ०.०३ असेल तर जगातलं कोणतंही गॅस्केट त्या दोघांच्या मध्ये टिकणार नाही. लायनरच्या खांद्याखाली राहिलेला गंजाचा एक कण एवढा फरक पाडायला पुरतो.

बोल्टची भोकं हा तिसरा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. तळ बंद असलेल्या भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट त्यावर टेकतो, टॉर्क पाना ‘टक’ वाजवतो, पण हेड दाबलं गेलेलं नसतं. कधी ब्लॉकच चिरतो. जुन्या बोल्टला उभ्या खाचा पाडून तो भोकात फिरवा, घाण वर येईल, मग हवा मारा. तार घातली आणि तळ लागलाच नाही तर ते भोक वॉटर जॅकेटमध्ये उघडतं. त्या स्टडच्या आट्यांना सीलंट हवंच, नाहीतर पाणी आट्यांवरून चढून वॉशरखालून रॉकर कव्हरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये जातं. हा प्रकार हुबेहूब गॅस्केट गेल्यासारखा दिसतो आणि नवं गॅस्केट टाकून बरा होत नाही.

नवं गॅस्केट बसवण्याआधी ते ब्लॉकवर आणि हेडवर नुसतं ठेवून प्रत्येक भोक जुळवा. मिळत्याजुळत्या मॉडेलचा सेट पुडीत निघणं नवीन नाही. गॅस्केटवर सिलिकॉन थापू नका, बाहेर आलेला त्याचा लगदा पाण्याच्या वाटा बुजवतो. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत ओढा. जुन्या पद्धतीच्या तांब्याच्या गॅस्केटला इंजिन गरम झाल्यावर परत टॉर्क द्यावा लागतो. परत टॉर्क दिला की हेड किंचित खाली जातं आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली) फट बदलते, म्हणून तीही पुन्हा लावा. ३.१५२ ला थंड इंजिनावर ०.३० मिमी, गरमवर ०.२५ मिमी.

गॅस्केट आणि माथे निर्दोष असूनही बुडबुडे येतच असतील तर हेडला चीर आहे, बहुतेक करून दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधल्या पुलावर. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. हेडची पाण्याची तोंडं रबर-पट्ट्यांनी बंद करून, आत तीन-चार बार हवा देऊन, हेड ७०-८० अंशांच्या पाण्यात बुडवणाऱ्याकडे द्या. थंड पाण्यात पास झालेलं हेड गरम पाण्यात फेल होतं, म्हणून पाणी गरम आहे ना हे उभं राहून बघा.

हळद, पावडर आणि बोअरचं पाणी

रेडिएटरला टाचणीएवढं भोक असेल तर चमचाभर हळद गाडी घरापर्यंत आणते, हे खरं आहे. हेड गॅस्केटवर तिचा काडीचा उपयोग नाही. गळती थांबवणाऱ्या पावडरीचंही तसंच. घरी पोचल्यावर ते सगळं धुऊन काढा, नाहीतर रेडिएटरच्या नळ्या आणि थर्मोस्टॅट चिकटतात.

थर्मोस्टॅट काढून फेकणं हा आपल्याकडचा उन्हाळी रिवाज. आधी तो तपासा. भांड्यात पाणी, थर्मामीटर आणि दोऱ्याला लटकवलेला थर्मोस्टॅट. त्यावर ८२ लिहिलं असेल तर ८२ च्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि ९५ पर्यंत पूर्ण उघडला पाहिजे. चांगला असेल तर बसवा. काही इंजिनांत तो काढला की बायपासची वाट उघडी राहते आणि पाणी रेडिएटर टाळून फिरतं.

बोअरचं पाणी मात्र बंदच करा. मोहोळ, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर या पट्ट्यात बोअरच्या पाण्याने चहाच्या भांड्याला जो पांढरा थर चढतो तोच हेडच्या आत चढतो, तेही व्हॉल्व्ह सीटच्या मागे, जिथे उष्णता सर्वांत जास्त. थर जाड झाला की तिथलं हेड तापून चिरतं. बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी घ्या आणि त्यात कूलंट, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. साधारण निम्मं-निम्मं किंवा एक भाग कूलंटला दोन भाग पाणी. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको, हा युक्तिवाद चुकीचा आहे. इथे ते हवं असतं गंजाला आणि लायनर कुरतडण्याला आवर घालायला, शिवाय उकळबिंदू थोडा वर न्यायला.

पाणी ऑइलमध्ये गेलेलं असेल तर दुरुस्तीनंतर स्वस्त ऑइल आणि नवा फिल्टर घालून इंजिन लोडशिवाय अर्धा तास चालवा, गरम असतानाच काढा, मग फिल्टरसह चांगलं ऑइल भरा. दुधाळ ऑइल जास्त दिवस चाललं असेल तर चेंबर उतरवून एक बेअरिंग उघडून बघणं भाग आहे. पहिल्या २० तासांत रोज सकाळी, इंजिन थंड असताना, पाण्याची पातळी आणि डिपस्टिक दोन्ही बघा. काढलेलं जुनं कूलंट डब्यात झाकून ठेवा, गोठ्याजवळ किंवा नालीत ओतू नका. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड असतं, जनावरं आणि कुत्री ते चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात.